आपण की आम्ही: देजॉनमधला एक हुकलेला शनिवार

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिच्या फोनवर काकाओटॉकचा मेसेज आला: "ऑदियेयो?" कुठे आहात?

ती हॉस्टेलच्या खोलीत होती. कपडे मशीनला लावून आईशी फोनवर बोलत होती. मेसेज पाठवणारे चौघं त्या वेळी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहराच्या मेट्रोच्या चुंगांग्नो स्टेशनबाहेर, दोन नंबरच्या एक्झिटपाशी तिची वाट बघत उभे होते. आपल्याला बोलावलंय हेच तिला माहीत नव्हतं. उलट गुरुवारपासून तिच्या मनात बसलं होतं की प्रयोगशाळेतले सगळे आपल्याला वगळून फिरायला चाललेत. "च्वेसोंगहेयो, मोल्लास्सॉयो" (माफ करा, मला माहीत नव्हतं) एवढं लिहून तिने फोन उलटा ठेवला आणि ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने मला हे सगळं सांगितलं. मी पुण्यात कोरियन शिकवते. ती दीड वर्ष माझ्याकडे शिकून पीएचडीसाठी कोरियाला गेली. "ताई, मला भाषा येते, पण माणसं येत नाहीत," असं म्हणून ती रडली. तिच्या परवानगीने, नाव आणि विद्यापीठ न सांगता, हे प्रकरण लिहितेय. आपल्याकडून कोरियाला जाणाऱ्या मुलामुलींचं नेमकं इथेच अडतं, आणि त्यात शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

तिची तयारी कमी नव्हती. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी तिने जाण्याआधीच मिळवली होती, म्हणजे २०० पैकी १४० च्या वर गुण. पण टोपिकच्या या पहिल्या टप्प्यात ऐकणं आणि वाचणं एवढंच तपासतात. बोलणं नाही, लिहिणंही नाही. दुसऱ्या माणसाला एक साधं "येतेस का?" विचारायची वेळ तिच्यावर परीक्षेत आलीच नव्हती, आणि माझ्या वर्गातही फारशी आली नव्हती.

प्रयोगशाळेत तिच्याबरोबर चार जण: एक वयाने आणि हुद्द्याने मोठी मुलगी, दोन तिच्या बरोबरीचे मुलगे, एक धाकटी मुलगी. मी तिला दोन महिन्यांतले सगळे "जायचं-यायचं" विषयाचे मेसेज काढून पाठवायला सांगितले. ते तीन रविवार आम्ही ओळीओळीने वाचले.

(इथे कोरियन उच्चार देवनागरीत लिहिलेत. "ऑ" म्हणजे डॉक्टरमधल्या ऑच्या जवळचा, पण ओठ गोल न करता. आपल्याकडे ख, थ, छ, फ असल्याने या भाषेतले निम्मे अवघड आवाज आपल्याला फुकटात मिळतात.)

बरोबर व्याकरण, चुकीचं आमंत्रण

मोठ्या मुलीला तिने पाठवलेला पहिलाच मेसेज असा होता: "तांगशिनुन थोयोइरे शिगानी इस्सॉयो?" शब्दकोश समोर ठेवला तर चूक काढता येणार नाही. तांगशिन म्हणजे तुम्ही, थोयोइल म्हणजे शनिवार, शिगान म्हणजे वेळ, इस्सॉयो म्हणजे आहे. पण "तांगशिन" हा शब्द समोरच्या माणसाला सहसा कुणी वापरत नाही. नवरा-बायको एकमेकांना म्हणतील, जाहिरातीत किंवा कवितेत येईल, आणि रस्त्यावरच्या भांडणात तर हमखास येईल. एरवी कोरियन माणूस "तुम्ही" गाळूनच टाकतो, किंवा नावापुढे "श्शी" लावतो, किंवा नात्याने हाक मारतो. इथे "सॉन्बेनिम" हवं होतं: आपल्या आधी या वाटेवर आलेली, मान द्यायची अशी व्यक्ती.

मी तिला विचारलं, हेच तू कोल्हापूरला कॉलेजातल्या सीनियर ताईला कसं विचारलं असतंस? ती पटकन म्हणाली, "ताई, शनिवारी वेळ आहे का?" त्यात "तुम्ही" कुठे आहे? नाही. मग कोरियनमध्ये कुठून आलं? इंग्रजीतून आलं. तिथे कर्त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही, म्हणून तिने कर्ता शोधला आणि तो नको तिथे नेऊन ठेवला. तिचं मराठी वाक्य जसंच्या तसं कोरियनमध्ये गेलं असतं: "सॉन्बेनिम, थोयोइरे शिगान क्वेन्छानुसेयो?" शब्दांचा क्रमही तोच. हाक, मग वार, मग वेळ, शेवटी क्रियापद, आणि आदर त्या क्रियापदात.

बरोबरीच्या मुलांना तिने लिहिलं होतं, "चोहागो काछी कागो शिफॉयो?" म्हणजे माझ्याबरोबर यावंसं वाटतं का? इंग्रजीत आमंत्रण असंच देतात. पण कोरियनमध्ये "-गो शिफॉयो" म्हणजे मनातली इच्छा, ओढ. समोरच्याला थेट त्याची ओढ विचारली की तो गोंधळतो. मराठीतही "तुम्हाला माझ्यासोबत चित्रपटाला येण्याची इच्छा आहे का?" असं कुणी विचारलं तर आपण क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघू. आपण म्हणतो, "येतोस का?" किंवा "जाऊया का?" आणि गंमत म्हणजे कोरियनमध्येही नेमक्या याच दोन वाटा आहेत.

"काछी काल्लेयो?" हे आपलं "येतेस का?" समोरच्याचा कल विचारायचा, मित्रमैत्रिणींत, बरोबरीत चालतं. "काछी काल्क्कायो?" हे "जाऊया का?" किंवा "जायचं का?" इथे बेत दोघांचा मिळून आहे, म्हणून सूर जास्त मऊ. हे "-ल्क्कायो" एकदा जिभेवर बसलं की निम्मं काम झालं. मान्नाल्क्कायो म्हणजे भेटूया का, मॉगुल्क्कायो म्हणजे खाऊया का, पोल्क्कायो म्हणजे बघूया का. पुढे "ऑन्जे" लावलं की कधी भेटायचं, "ऑदिसॉ" लावलं की कुठे. आणि सगळ्यात सोपं, अगदी पहिल्या दिवशी शिकवावं असं: वाराचं नाव घ्या आणि पुढे "ऑत्तेयो?" जोडा. "थोयोइल ऑत्तेयो?" शनिवार कसा वाटतो?

प्राध्यापकांसाठी मात्र यातलं काहीच नाही. त्यांना "क्योसुनिम, शिगान क्वेन्छानुसेयो?" एवढंच विचारायचं आणि थांबायचं, बेत त्यांनी मांडायचा.

एका ठिकाणी मात्र मराठीनेच दगा दिला असता. तिने मोठ्या मुलीला "काछी काप्शिदा" लिहिलं होतं. पुस्तकात त्याचा अर्थ "चला, जाऊया" असा दिलेला असतो. आपण आजोबांनाही "चला, निघूया" म्हणतो, त्यात काही वावगं नाही. कोरियनमधलं "-प्शिदा" मोठ्यांना चालत नाही. ऐकणाऱ्याला आपल्याला हाकललं जातंय असं वाटतं. बरोबरीच्या प्रौढ माणसांत, कामाच्या ठिकाणी, जमावाला उद्देशून ते ठीक आहे. तेव्हा मराठीवर विसंबा म्हणजे डोळे मिटून विसंबा असं माझं म्हणणं नाही.

अर्धवट सोडलेली वाक्यं

पण तिचं खरं नुकसान बोलण्यात नव्हतं, ऐकण्यात होतं.

तिने एका मुलाला शनिवारी भेटायचं विचारलं. त्याचं उत्तर: "थोयोइरुन जोम…" आणि पुढे तीन टिंबं. तिने लिहिलं, "ने?" म्हणजे काय? तो परत, "आ, जोम…" तिने पुन्हा विचारलं, "शनिवारी काय?" संभाषण तिथेच मेलं.

"चोम" (आधी दुसरा शब्द आला की "जोम") याचा शब्दकोशातला अर्थ "थोडं". ती थोडं काय ते कळायची वाट बघत होती. मी तिला म्हटलं, हे मोठ्याने मराठीत वाच. तिने वाचलं: "शनिवारी जरा…" आणि हसली. आपल्या घरात कुणी "शनिवारी जरा…" म्हणून थांबलं, तर आपण "जरा काय?" असं विचारतो का? आपल्याला ते "नाही" लख्ख ऐकू येतं. त्या "जरा"मध्ये नकारही आहे आणि समोरच्याचा मान राखणंही आहे. कोरियन "जोम" हुबेहूब तेच काम करतं. ज्या भाषेत ही सोय नाही त्या भाषेतून ऐकलं म्हणून ते वाक्य तिला अपुरं वाटलं.

दुसऱ्या एका मेसेजात धाकट्या मुलीने लिहिलं होतं, "याक्सोगी इस्सॉयो." "याक्सोक" म्हणजे वचन असं ती पाठ करून गेली होती. तिला वाटलं, ही कसल्या वचनात अडकलीये? रोजच्या बोलण्यात याक्सोक म्हणजे कुणाशी तरी ठरलेली भेट. "याक्सोगी इस्सॉयो" म्हणजे "माझं दुसरीकडे ठरलंय." जरा अदबीने सांगायचं तर "सॉन्यागी इस्सॉसॉयो": आधीच ठरलंय, म्हणून. वाक्य "म्हणून"वर सोडायचं. पुढचं "येता येणार नाही" समोरच्याने समजून घ्यायचं.

"क्वेन्छानायो"ने तर रोज फसवलं. त्याचा अर्थ "ठीक आहे", पण "खॉफी माशिल्लेयो?" (कॉफी घेणार?) याच्या उत्तरात ते आलं तर बहुतेक वेळा "राहू दे, नको" असंच असतं. तिने दोनदा नको असलेली कॉफी आणून दिली.

आणि मग ते वाक्य, ज्यावर मी दर वर्षी एक अख्खा तास घालवते: "ऑन्जे पाप हान्बॉन मॉगॉयो." कधीतरी एकदा जेवूया. बरोबरीच्या एका मुलाने जिना उतरताना तिला हे म्हटलं. तिला आनंद झाला. तिने लगेच फोन काढून विचारलं, "ऑन्जे?" म्हणजे कधी? तो ओशाळला, "लवकरच" असं काहीतरी पुटपुटला आणि नंतर आठवडाभर तिला टाळत राहिला असं तिला वाटलं. ती दुखावली: बोलावतात आणि मागे हटतात.

"हान्बॉन" म्हणजे एकदा. "या एकदा घरी" हे आपण किती जणांना म्हणतो? त्यात खोटेपणा नसतो. आपलं नातं बरं आहे, ते तसंच राहो, एवढं सांगायचं असतं. पण कुणी तिथल्या तिथे डायरी उघडून "कधी येऊ? मंगळवार चालेल?" म्हणालं तर आपलीही धांदल उडेल. कोरियन जगण्यात जेवण हा ख्यालीखुशालीचा विषय आहे. "पाप मॉगॉस्सॉयो?" (जेवलात का?) हे तिथेही आपल्यासारखंच नमस्काराच्या जागी येतं. तेव्हा "हान्बॉन"ला उत्तर एकच: "ने, चोआयो!" हो, छान.

मग खरं बोलावणं ओळखायचं कसं? तारखेवरून. समोरचा स्वतःहून "ताउम चु ऑत्तेयो?" (पुढचा आठवडा कसा?) असं म्हणाला तर ते जेवण होणार. नकाराचंही तसंच आहे. "जोम…" म्हणून थांबला तर तिथे सोडून द्यावं. पण "शनिवारी जरा…" नंतर त्याने दुसरा वार सुचवला, तर त्याला खरंच यायचंय.

उरी

आता तो शनिवार. बुधवारी रात्री पाच जणांच्या ग्रुपवर मोठ्या मुलीने लिहिलं होतं:

"उरी थोयोइरे सॉंगशिम्दांग कायो. यॉल्हान शिए चुंगांग्नोयॉक इबॉन छुल्गु!"

सॉंगशिम्दांग ही देजॉनमधली १९५६ पासूनची बेकरी. तिचा थ्विगिम सोबोरो नावाचा तळलेला पाव, आत लाल कडधान्याचं गोड पुरण, खायला लोक सोलहून रेल्वेने येतात, कारण देजॉनबाहेर तिने शाखाच काढली नाही. दारात रांग असते. त्या चौघांनी नव्या मैत्रिणीला गावाची ही शान दाखवायची ठरवलं होतं. बेत तिच्यासाठीच होता, हे तिला नंतर कळलं.

तिने वाक्य वाचलं ते असं: आम्ही शनिवारी सॉंगशिम्दांगला जातोय. अकरा वाजता, चुंगांग्नो स्टेशन, दोन नंबरचं एक्झिट. तिला वाटलं हे चौघं आपापसात ठरवताहेत आणि ग्रुपवर टाकलंय कारण ग्रुप तोच आहे. "मलाही न्या" म्हणायचा तिला संकोच वाटला. काकाओटॉकवर मेसेज जितक्यांनी वाचलेला नसतो तितका आकडा त्याच्याशेजारी दिसतो आणि एकेकाने वाचला की कमी होतो. गुरुवारी सकाळी आकडा नाहीसा झाला. चौघांनी धरलं की तिने वाचलंय, म्हणजे येतेय.

वाक्यात दोन फटी आहेत. पहिली "कायो". या एकाच रूपाचा अर्थ "जातो", "जाताय का?" आणि "जाऊया" असा तिन्ही होतो, कुठला ते सुरावरून कळतं, आणि लेखी मेसेजात सूर नसतो. दुसरी फट "उरी". शब्दकोशात त्याचा अर्थ आपण, आम्ही, आमचा, आपला, सगळं एकत्र. बोलणारा समोरच्याला धरून बोलतोय की सोडून, हे "उरी" सांगत नाही.

मराठी ते सांगते. "आपण जाऊया"मध्ये तू आहेस, "आम्ही जातोय"मध्ये तू नाहीस. हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीच्या "हम"मध्येही नाही. आपण तो दिवसाला शंभर वेळा करतो आणि आपल्याला जाणवतही नाही. तिने ते वाक्य जरा थांबून, लिहून मराठीत उतरवलं असतं, तर पेन पहिल्याच शब्दावर अडलं असतं: आपण की आम्ही? आणि तिला कळलं असतं की हे मला माहीत नाही, विचारायला हवं. पण डोक्यातल्या डोक्यात इंग्रजी "वी" आला, प्रश्न दडपला गेला, आणि त्या मोकळ्या जागेत तिच्या एकटेपणाने "आम्ही" भरून टाकलं. मला हे फार लागलं. परक्या गावात नवीन माणूस अशा फटीत नेहमी स्वतःच्या विरुद्धचाच अर्थ भरतो.

विचारायला एक ओळ पुरली असती: "चोदो कादो द्वेयो?" मी पण आले तर चालेल का? किंवा त्याहून सोपं, "काछी कायो?" मिळूनच ना? "काछी" हा शब्द आला की शंका मिटते. म्हणूनच मी आता मुलांना सांगते, स्वतः बोलावताना "काछी" कधीही गाळू नका.

तीन रविवार

आम्ही नवीन शब्द फार थोडे घेतले. पद्धत बदलली. प्रत्येक प्रसंग ती आधी तोंडी मराठीत बोलायची: मावशीशी असेल तर कसं, मैत्रिणीशी कसं, सरांशी कसं. मग त्याचंच कोरियन. मध्ये इंग्रजी आणायचं नाही. ही सवय मी तिला दीड वर्षात लावली नव्हती. माझे सगळे तक्ते इंग्रजीतून होते, "लेट्स" समोर "-प्शिदा" आणि "वी" समोर "उरी". ते तक्ते मी आता काढून टाकलेत.

वेळ सांगणं तेवढं घोकावं लागलं, त्याला दुसरा इलाज नाही. तास मूळ कोरियन आकड्यांत (हान शी, तु शी, से शी) आणि मिनिटं चिनी वळणाच्या आकड्यांत (शिप्पुन, सामशिप्पुन). साडेतीन म्हणजे "से शी पान". एक्झिटचे नंबरही चिनी वळणाचे, म्हणून "इबॉन". "इबॉन चु" मात्र वेगळं: या आठवड्यात. इथे कोरियन आपल्यापेक्षा नेमकी आहे. "येत्या शनिवारी" की "पुढच्या शनिवारी" यावर आपल्या घरात वाद होतात. तिथे "इबॉन चु थोयोइल" म्हणजे या आठवड्यातला आणि "ताउम चु थोयोइल" म्हणजे पुढच्या आठवड्यातला.

आणि निघाल्यापासून भेटेपर्यंतच्या तीन ओळी, ज्या पुस्तकात मागच्या धड्यात असतात पण लागतात सगळ्यात आधी: "कानुन जुंगिएयो" (वाटेत आहे), "चोगुम नुजुल्क्कॉ काथायो" (जरा उशीर होईलसं वाटतंय), "तोछाखेस्सॉयो" (पोचले).

मोठ्या मुलीला तिने सोमवारीच प्रत्यक्ष गाठून सगळं सांगितलं होतं: "उरी" म्हणजे तुम्ही चौघं असं मला वाटलं. ती मुलगी आधी गप्प झाली, मग म्हणाली की आपल्या "उरी"त कुणाला बाहेर ठेवता येतं हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून तिने स्वतःला "सॉन्बेनिम" ऐवजी "ऑन्नी" म्हणायला सांगितलं. ऑन्नी म्हणजे मुलीने मोठ्या मुलीला मारायची हाक. ताई.

चौथ्या आठवड्यात तिने पहिल्यांदा स्वतः बेत मांडला. युसॉंगमध्ये गरम पाण्याचे झरे आहेत आणि रस्त्याकडेला पाय बुडवून बसायची फुकट जागा आहे, तिथे. ग्रुपवर तिने लिहिलं: "इबॉन चु थोयोइरे युसॉंग ओन्छॉन काछी काल्क्कायो?"

तिघांची "चोआयो" आली. जिन्यावर भेटलेला तो मुलगा मात्र लिहिता झाला, "थोयोइरुन जोम…"

तिने काय झालं म्हणून विचारलं नाही. लिहिलं, "आ, कुरॉम ताउमे काछी कायो." बरं, मग पुढच्या वेळी जाऊ.

पाच मिनिटं शांतता. मग त्याचाच मेसेज: "इर्योइरुन ऑत्तेयो?" रविवार कसा?

तिने मला त्या ओळीचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. रविवारी आमचा तास असतो. मी तास रद्द केला.